कमान-पाटा

गेल्या ऑगस्टमधला तो तास मला अजून आठवतो. मराठीच्या सरांनी फळ्यावर 'कमान' हा एकच शब्द लिहिला, हातावरची खडूची पूड झटकली आणि म्हणाले, "या शब्दाचे सुचतील तेवढे अर्थ सांगा."

पहिल्या बाकावरची मंडळी अशा वेळी कधी मागं राहत नाहीत. कुणी इंद्रधनुष्याची कमान सांगितली, कुणी भुवयांची. एकानं इतिहासातून तीरकमान काढली. एकीनं खिडकीबाहेर बोट दाखवलं. आपल्या कॉलेजच्या फाटकावरची कमान, जिच्याखालून आपण रोज येतो-जातो! सर एकेक अर्थ फळ्यावर मांडत होते. मूळ शब्द फारसी, त्याचा अर्थ धनुष्य, आणि धनुष्याच्या त्या बाकावरून बाकीचे अर्थ निघाले, असं सांगत होते. मी शेवटून दुसऱ्या बाकावर वहीत मान घालून बसलो होतो.

"तुम्ही काही बोलला नाहीत," सर म्हणाले.

मी उभा राहिलो. खरं म्हणजे शब्द फळ्यावर पडल्यापासून माझ्या डोळ्यांपुढं एकच कमान उभी होती. तीच तोंडातून निसटली. "गाडीची, सर."

वर्गात खसखस पिकली. मागून कुणीतरी हलक्या आवाजात ट्रकचा भोंगा वाजवला. सर मात्र हसले नाहीत. "गाडीची म्हणजे नेमकी कुठली?" त्यांनी विचारलं. मला ते सांगता आलं असतं. पण साऱ्या माना माझ्याकडं वळल्या होत्या. मी म्हणालो, "नाही सर, चुकलं," आणि खाली बसलो.

चुकलं नव्हतं. माझ्या वडिलांची एक पिकअप आहे. तिच्या मागच्या दोन चाकांजवळ दोन कमानी आहेत, आणि त्यांच्या जिवावर मी बी.ए.च्या तिसऱ्या वर्षापर्यंत आलो आहे. त्या दिवशी जे उत्तर गिळलं, ते आज इथं लिहितो आहे. हा अंक हाती घेणाऱ्यांत त्या तासाला हसलेले मित्रही असतील. त्यांच्यावर राग नाही. त्यांच्याआधी मीच मनातल्या मनात त्या शब्दाला लाजलो होतो.

आमचं गाव जुन्नर तालुक्यात, ओतूरच्या जवळ. पावसाळ्यात आमच्या भागात टोमॅटो निघतो. काही माल नारायणगावच्या बाजारात जातो, काही आळेफाटा-ओतूरवरून माळशेज घाट उतरून, मुरबाड-कल्याणमार्गे थेट वाशीला. आण्णा, म्हणजे माझे वडील, गेली बारा वर्षं ही वाशीची खेप करतात. संध्याकाळी शेतावरून कॅरेट भरायचे, रात्री घाट उतरायचा, पहाटे बाजारात माल लावायचा आणि दुपारी घरी येऊन झोपायचं. माझ्या लहानपणी आण्णा म्हणजे दिवसा झोपणारा माणूस, अशीच माझी समजूत होती.

एका कॅरेटमध्ये वीस किलो टोमॅटो. रिकाम्या कॅरेटचं वजन धरून बावीस. गाडीचं पासिंग दीड टनाचं, म्हणजे अडुसष्ट कॅरेट भरले की कागदावरचा हिशेब संपतो. आण्णा एकशे दहा भरतात. शाळेत असताना मी एकदा त्यांना विचारलं होतं, की वरचे बेचाळीस कशाला? तेव्हा ते म्हणाले होते, "अडुसष्ट डिझेलचे, बेचाळीस आपले." मला ते वाक्य तेव्हा फार गमतीदार वाटलं होतं. मी ते शाळेत मित्रांना ऐकवूनही दाखवलं होतं.

त्या तासानंतरच्या शनिवारी मी घरी गेलो. गाडीवरच्या पोराला ताप आला होता. संध्याकाळी आण्णा म्हणाले, "येतोस का रात्री? नुसतं सोबतीला." आई म्हणाली, "पोरगं दोन दिसांसाठी आलंय, त्याला कशाला जागवताय?" पण मी निघालो. मनात त्या 'चुकलं'ची बोच होती, तिचंही काही अंशी कारण असावं.

भरलेली पिकअप मागं बसते आणि पुढं नाक वर काढते. दिव्यांचा झोत रस्त्यावर पडायचा सोडून बाभळींच्या शेंड्यांवर पडतो. ओतूर मागं टाकलं, डिंगोरे गेलं, पावसाची बारीक झिमझिम चालू झाली. खड्डा आला की मागून 'कुरर्र' असा आवाज येई, जुन्या झोपाळ्यासारखा. तो आवाज वाढला की आण्णा रेडिओचा आवाज वाढवत. मला वाटलं, गाणं आवडलं असेल.

पिंपळगाव जोगे धरणाचं पाणी अंधारात चमकायला लागलं, मढ जवळ आलं, आणि पाण्यानं भरलेल्या एका खड्ड्यात डावं चाक गेलं. बंदुकीचा बार व्हावा तसा आवाज झाला. गाडी डावीकडं कलंडल्यासारखी झाली. आण्णांनी ब्रेकवर एकदम पाय दिला नाही. स्टिअरिंग घट्ट धरून, गाडीला हळूहळू बोलवत त्यांनी ती कडेला घेतली. मग रेडिओ बंद केला.

"मेन पाटा गेला," ते म्हणाले.

इथं थोडं थांबून कमान म्हणजे काय ते सांगायला हवं. सरांनी विचारलंच होतं. पोलादाच्या लांब, चपट्या पट्ट्या एकावर एक रचलेल्या असतात. एकेका पट्टीला पाटा म्हणतात आणि साऱ्या जुडग्याला कमान. आमच्या गाडीच्या कमानीत सहा पाटे आहेत. सर्वांत वरचा आणि सर्वांत लांब तो मेन पाटा. त्याची दोन्ही टोकं गोल वळवून त्यांचे डोळे केलेले असतात. पुढचा डोळा पिननं गाडीच्या चासीला पक्का असतो. मागचा डोळा शॅकल नावाच्या झुलत्या कडीला असतो, कारण वजन आलं की कमान सपाट होते आणि तिची लांबी वाढते. त्या वाढीला जागा लागते. मेन पाट्याखाली एकेक पाटा आखूड होत जातो. सगळ्यांच्या मधोमध भोक पाडून एक सेंटर बोल्ट घातलेला असतो, आणि दोन यू-बोल्ट हा सारा गठ्ठा चाकांच्या एक्सलला आवळून धरतात. रस्त्याचा धक्का चाकाला बसतो, चाकाचा एक्सलला, एक्सलचा कमानीला. कमान तो वाकून सोसते आणि वरच्या मालाला त्यातला थोडाच कळू देते. टांग्याला हीच रचना असे. बैलगाडीला ती नसते, म्हणून बैलगाडीत बसलेल्या माणसाला गावातला प्रत्येक दगड ओळखीचा होतो.

बॅटरीच्या उजेडात मी खाली वाकून पाहिलं. एक्सलच्या थोडं पुढं मेन पाटा आडवा तुटला होता. गाडीचं वजन खाली आलं होतं आणि टायर वरच्या पत्र्याला टेकायच्या बेतात होता. पण दुसऱ्या पाट्याचं टोक मेन पाट्याच्या पुढच्या डोळ्याभोवती अर्धवट वळवलेलं असतं. ते टोक डोळ्याला धरून होतं, म्हणून एक्सल मागं सरकला नव्हता. आण्णांनी त्या टोकावर बोट ठेवलं. "यानं धरलं," ते म्हणाले. मग उठून समोरच्या काळोखाकडं, जिकडं घाट होता तिकडं, पाहत राहिले. आणखी अर्ध्या तासानं आम्ही उतारावर असतो. त्यावर ते काही बोलले नाहीत, मीही नाही.

माल आमचा नव्हता. चार शेतकऱ्यांचा होता आणि पहाटे तो वाशीला पोचलाच पाहिजे होता. आण्णांनी दोन-तीन फोन केले. शेजारच्या गावच्या दोन गाड्या मागं येत होत्या. एकीत साठ कॅरेट बसले, दुसरीत पन्नास. त्याही काही रिकाम्या नव्हत्या. रात्री एक वाजता, पावसात, आम्ही बापलेकांनी आणि त्या दोन ड्रायव्हरांनी एकशे दहा कॅरेट या गाडीतून त्या गाड्यांत केले. पन्नासाव्या कॅरेटला माझे हात गळाले. आण्णा थांबले नाहीत. फक्त दर दहा-बारा कॅरेटनंतर कमरेवर हात ठेवून ते क्षणभर मागं वाकत. ती लकब मी जन्मापासून पाहत आलो होतो. ती मला त्यांची ऐट वाटायची.

उरलेली रात्र केबिनमध्ये काढली. उजाडल्यावर आण्णांनी बाभळीचा एक ओंडका शोधून आणला, जॅक लावून गाडी उचलली, ओंडका चासी आणि एक्सलच्या मध्ये ठोकला आणि साखळीनं आवळला. अशा लंगड्या गाडीनं, बैलाच्या चालीनं आम्ही आळेफाट्याकडं निघालो. वाटेत ओळखीचे ड्रायव्हर हात करत होते. कुणी काय झालं म्हणून विचारलं नाही. गाडीच्या चालीवरूनच त्यांना ते कळत होतं.

आळेफाट्याला पुणे-नाशिक आणि कल्याण-नगर असे दोन मोठे रस्ते एकमेकांना छेदतात, म्हणून गाड्यांची सगळी दुखणी तिथं येतात. रस्त्याच्या कडेला पत्र्याची एक शेड आहे. दारात जुन्या पाट्यांचा ढीग, आत कोळशाची भट्टी, ऐरण, दोन घण. वर रंगानं 'कमान पाटा' एवढंच लिहिलेलं. मालक साठीचे. सगळे त्यांना चाचा म्हणतात. त्यांनी गाडी येताना पाहिली आणि चहाचा कप खाली ठेवला.

पुढचे चार तास मी एक वेगळा वर्ग पाहिला. पुढच्या चाकांना दगड लावले. मागून गाडी उचलून चासीखाली घोड्या दिल्या. चाक काढलं, शॉकअप सोडवला. यू-बोल्टचे नट गंजून एकजीव झाले होते. त्यांच्यावर डिझेल ओतून वाट पाहिली, मग पान्याला हातभर पाइप जोडून जोर लावला. तीन नट आले, चौथा आला नाही. तो गॅसनं कापावा लागला. पुढची पिन घणाचे घाव घालून काढली. कमान खाली आली तेव्हा तिचं वजन मला पहिल्यांदा कळलं. मी आणि चाचांचा पोरगा, दोघांनी मिळून ती उचलली.

चाचांनी सेंटर बोल्ट खोलला आणि पाटे सुटे करून जमिनीवर ओळीनं मांडले. तुटलेल्या मेन पाट्याचा तुकडा उचलून त्यांनी चिंधीनं पुसला आणि माझ्यापुढं धरला.

"कॉलेजला जातोस ना? सांग, हा कधी तुटला?"

"काल रात्री," मी म्हणालो.

"नीट बघ."

मी नीट पाहिलं. तुटलेल्या तोंडाचे दोन रंग होते. एक भाग चांदीसारखा लखलखीत आणि खरखरीत. दुसरा, अर्ध्याहून मोठा, काळपट-तांबडा, गुळगुळीत, आणि त्यावर नखाएवढ्या बारीक चंद्रकोरी एकीबाहेर एक उमटलेल्या, ओढ्याचं पाणी ओसरताना वाळूवर रेषा सोडतं तशा.

"चमकतो तेवढाच काल तुटला," चाचा म्हणाले. "हा गंजलेला भाग पाऊस सुरू व्हायच्या आधीपासून तुटतोय. रोज थोडा, रोज थोडा. आवाज देत असणार." मग आण्णांकडं वळून, अगदी सहज, "जूनमध्येच बोललो होतो ना तुम्हाला? तेव्हा भाव पण विचारून गेलात. म्हणालात, पुढच्या महिन्यात टाकू."

आण्णा यू-बोल्टचे आटे पाहत होते. "हं," ते म्हणाले आणि आटे पाहत राहिले.

जून. मी मनात मागं गेलो. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात माझा प्रवेश झाला होता. फी, वसतिगृहाची अनामत, खाणावळीचे आगाऊ पैसे मिळून सोळा हजार. आण्णांनी ते माझ्या हातात दिले तेव्हा नोटांना टोमॅटोच्या पानांचा वास येत होता. मी तो वास येऊ नये म्हणून नोटा वहीत घालून नेल्या होत्या. कॅरेटमागं चाळीस रुपये भाडं. बेचाळीस कॅरेटांचे एक हजार सहाशे ऐंशी. सोळा हजारांना जवळजवळ दहा खेपा. कुठल्याही परीक्षेत मी इतक्या झटपट हिशेब केलेला नाही.

म्हणजे त्या कुरकुरीचं कारण आण्णांना ठाऊक होतं. रेडिओचा आवाज ते गाण्यासाठी वाढवत नव्हते.

नंतर मी कॉलेजच्या ग्रंथालयात या गोष्टीचा थोडा शोध घेतला. आपल्या कला शाखेच्या मुलांना हे ऐकून नवल वाटेल, पण धातू थकतो असं शास्त्रज्ञही म्हणतात. इंग्रजीत त्याला नाव आहे 'फटीग', म्हणजे सरळ थकवाच. ८ मे १८४२ रोजी व्हर्सायहून पॅरिसकडं निघालेल्या एका आगगाडीच्या इंजिनाचा आस मोडला. डबे एकमेकांवर चढले, आग लागली आणि पन्नासाहून अधिक माणसं गेली. भलामोठा लोखंडी आस नुसत्या रोजच्या धावण्यानं मोडतो कसा, हा प्रश्न त्यामुळं ऐरणीवर आला. पुढच्या काही दशकांत ऑगस्ट व्योलर या जर्मन रेल्वे अभियंत्यानं चिकाटीनं प्रयोग करून त्याचं उत्तर दिलं. एका घावात पोलाद मोडायला फार मोठा भार लागतो. पण त्याहून पुष्कळ कमी भार हजारो-लाखो वेळा येत-जात राहिला, तरी पोलादात बारीक चीर पडते, ती दर खेपेला केसभर वाढते आणि शेवटी उरलेला तुकडा एका क्षणात जातो. व्योलरनं आणखी एक गोष्ट दाखवली. पोलादाला एक मर्यादा असते. भार त्या मर्यादेच्या आत असेल, तर ते तो कितीही वेळा पेलतं.

हे वाचताना माझ्यापुढं अडुसष्ट आणि बेचाळीस हेच दोन आकडे होते. आणि कमरेवर हात ठेवून मागं वाकणारे आण्णा.

शेडमध्ये काम चालूच होतं. नवा मेन पाटा आला, दुसराही नवा घेतला. खालचे चार पाटे शाबूत होते, पण वजनानं बसले होते, म्हणजे त्यांचा बाक गेला होता. चाचा आणि त्यांचा पोरगा समोरासमोर बसले. पाटा ऐरणीवर आडवा धरून, इंचाइंचानं सरकवत, दोघं आळीपाळीनं त्यावर घण घालत होते. एकही घाव दुसऱ्यावर पडला नाही. प्रत्येक घावानं पाटा जरासा वाकत होता. याला कमान भरणं म्हणतात. दहा मिनिटांत सपाट झालेल्या पट्टीला पुन्हा धनुष्याचा बाक आला. सरांनी सांगितलेला फारसी शब्द त्या क्षणी मला समजला.

तेवढ्यात पुणे-नाशिक रस्त्यावरून एक मोठी वातानुकूलित बस गेली. गतिरोधकावरून ती अशी तरंगत गेली, की आतल्या माणसाच्या हातातला चहाही हिंदकळला नसावा. मी चाचांना विचारलं, "तिला असले पाटे नसतात?"

"तिला हवेचे फुगे. बलून म्हणतात," चाचा म्हणाले. त्यांनी मला समजावून सांगितलं. जाड रबराच्या पिशव्या असतात, आत धागे विणलेले. कॉम्प्रेसर त्यांत हवा भरतो. प्रवासी वाढले की एक व्हॉल्व्ह आपोआप आणखी हवा सोडतो, उतरले की काढून घेतो. त्यामुळं बस भरलेली असो की रिकामी, तिची उंची तेवढीच राहते. परदेशात काही पिकअपनाही मागं अशा हवेच्या स्प्रिंगा असतात, हे मी पुढं वाचलं.

"मग आपल्या गाडीला का नाही लावायच्या?"

चाचा हसले. "लावशील रे. पण कॉम्प्रेसर पाहिजे, नळ्या पाहिजेत, व्हॉल्व्ह पाहिजे. आणि रबराला भेग पडली की हवा जाते, गाडी एका बाजूला बसते ती बसतेच. मढच्या जंगलात रात्री बारा वाजता बलून कोण बदलणार? पाट्याचं तसं नाही. एक तुटला तरी बाकीचे धरतात. घरापर्यंत आणून सोडतात."

आण्णा तेव्हा पहिल्यांदा हसले. "आणून सोडलं की," ते म्हणाले.

पाटे पुन्हा एकावर एक रचले, मध्ये ग्रीस भरलं, सेंटर बोल्ट आवळला. डोळ्यांत नवे बुश बसवले. चाचांनी उजवी कमानही खोलायला लावली. "एका बाजूला नवी, एका बाजूला थकलेली, तर गाडी वाकडी चालेल," ते म्हणाले. तिच्याही पाट्यांना बाक भरला. कमान वर चढवताना सेंटर बोल्टचं डोकं एक्सलवरच्या भोकात बरोबर बसावं लागतं. ते मी खाली झोपून, बोटानं चाचपून बसवलं. मग यू-बोल्ट. एक नट पुरता आवळून दुसऱ्याकडं जायचं नाही. चारी नट तिरप्या क्रमानं, थोडे-थोडे. मी पुढच्या पिनचा नटही जोरात आवळायला लागलो, तर चाचांनी माझा हात धरला.

"तो आता नाही. गाडी खाली उतरू दे. स्वतःच्या पायांवर उभी राहिली की मग. अधांतरी आवळलास तर बुश पिळून मरेल."

सगळ्याचे साडेसहा हजार झाले. आण्णांनी तीन दिले. बाकीचे पुढच्या दोन खेपांत द्यायचे ठरले. निघताना चाचा म्हणाले, "एक खेप झाली की यू-बोल्ट परत आवळा. नवे पाटे दबतात, नट ढिले पडतात. विसरू नका."

घरी येताना गाडी अगदी गप्प होती. रेडिओही बंद होता. ओतूर जवळ आल्यावर मी धीर करून विचारलं, "आण्णा, जूनमध्येच का नाय टाकला?"

"टाकला ना आता."

"माझी फी हप्त्यानं भरता आली असती."

"हप्त्याचा अर्ज करायला तू हापिसात गेला असतास, तिथं चार पोरं उभी असती." ते रस्त्याकडंच पाहत होते. "तुला लाज वाटली असती."

मी खिडकीबाहेर तोंड फिरवलं. वर्गातली गोष्ट मी त्यांना सांगितली नव्हती, आणि आजही सांगितलेली नाही. हा अंक घरी नेईन तेव्हा ते वाचतील.

थोड्या वेळानं मी म्हणालो, "यापुढं अडुसष्टच भरू."

"भरू की. डिझेल तेवढं स्वस्त होऊ दे." मग बरंच अंतर गेल्यावर ते म्हणाले, "नव्वद भरू. बघू कसं जमतंय."

नव्वद म्हणजे मर्यादेच्या वर बावीस. व्योलरचं नाव तेव्हा मी ऐकलं नव्हतं, आणि ऐकलं असतं तरी त्या गाडीत बसून आण्णांना त्याचा नियम सांगण्याचा अधिकार मला होता असं वाटत नाही. मी त्याच महिन्यात हप्त्यासाठी कार्यालयात अर्ज दिला. तिथं चार नव्हे, अकरा मुलं उभी होती. तीन आपल्याच वर्गातली. आम्ही एकमेकांकडं पाहून न पाहिल्यासारखं केलं, आणि मग एकदम हसलो.

सोमवारी मी सरांना प्राध्यापक-कक्षात जाऊन भेटलो. म्हटलं, "सर, त्या दिवशी चुकलं नव्हतं." मी त्यांना कमान सांगितली, पाटे सांगितले, डोळा, शॅकल, कमान भरणं, सगळं सांगितलं. सर एका कागदावर ते शब्द उतरवून घेत होते. 'पाटा' म्हणजे वरवंट्याबरोबरचा की वेगळा, हे त्यांनी दोनदा विचारलं. शेवटी कागद घडी करून खिशात ठेवत म्हणाले, "हे लिहून द्या वार्षिकाला. आणि त्या दिवशी फळ्यावर जे राहिलं, ते आधी लिहा."

त्या शनिवारी दुपारी आण्णांचा फोन आला. स्नेहसंमेलनाच्या नाटकाची निवड चालू होती आणि मी रांगेत उभा होतो. आण्णा म्हणाले, "एक खेप झाली. यू-बोल्ट आवळायचेत. येतोस का?" त्यांना ते एकट्याला जमलं नसतं असं नाही. बारा वर्षं जमतच आलं आहे. मी रांगेतून बाहेर पडलो आणि चारची एस. टी. धरली.

अंधार पडायच्या आत मी गाडीखाली पाठीवर झोपलो होतो. आण्णा बाहेर उकिडवे बसून बॅटरी धरत होते. पान्याला पाइप लावून मी पहिल्या नटावर जोर दिला. घट्टच वाटत होता. आणखी जोर दिला, तसा तो पाव फेरा आत गेला.

"गेला ना?" आण्णांनी बाहेरून विचारलं.

"गेला," मी म्हणालो.

"मग आता समोरचा."

— तृतीय वर्ष कला